शिर सलामत तर पगडी पचास

[खेळताना गुडघा फुटला तर रक्त दिसते. हात मोडला तर सूज दिसते. पण डोक्याला मार लागला तर पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. अशा न दिसणाऱ्या दुखापतीकडे दुर्लक्ष केल्यास काय होऊ शकते, जगातील खेळाडूंना तिचे कोणते परिणाम भोगावे लागले आणि आपण कोणती खबरदारी घ्यावी, हे प्रस्तुत पाठात एका शिक्षकाने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.]

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात इन्सुली नावाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग या गावातून जातो. येथून गोव्याची हद्द अगदी जवळ आहे. हद्दीच्या पलीकडे फुटबॉल हा घराघरांतला खेळ आहे. त्याचा वारा आमच्याकडील मुलांनाही लागलेला आहे. भाताची कापणी झाली, की मळे मोकळे होतात. मुले दोन्ही बाजूंना बांबू रोवतात आणि गोल तयार करतात. मग दिवस मावळेपर्यंत चेंडूमागे धावाधाव चालते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शाळेत माझ्याकडे मराठी विषय आणि खेळाचा तास अशी दोन्ही कामे होती. एके दिवशी इन्सुलीच्या मळ्यात आमच्या मुलांचा शेजारच्या गावातील मुलांशी सामना होता. आमचा गोलरक्षक आठवीत शिकत होता. तो अंगाने किरकोळ, पण मोठा धीट होता. सामना रंगात आला होता. समोरच्या संघातील एक उंच मुलगा चेंडू घेऊन वेगाने आला. आमच्या गोलरक्षकाने त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू त्याच्या हातात आला. पण त्या मुलाचा गुडघा जोराने त्याच्या कानशिलावर बसला.

तो दोन-तीन क्षण तसाच पडून राहिला. मी धावत गेलो. रक्त नव्हते, खोक नव्हती. मी त्याच्या तोंडावर पाणी मारले आणि विचारले, ''बरा आहेस ना?''

''हो, सर,'' तो म्हणाला.

मी त्याची पाठ थोपटली आणि त्याला पुन्हा गोलात उभे केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही त्याच्या हिमतीचे कौतुक वाटले.

थोड्या वेळाने त्याने हातात आलेला चेंडू सरळ समोरच्या संघातील मुलाकडे फेकला. मुले ओरडली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, ''सर, सामना कधी सुरू होणार?''

सगळे हसू लागले. मीसुद्धा हसलो. पण बांधावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसले नाहीत. ते तरुणपणी गोव्यात फुटबॉल खेळलेले होते. मुले त्यांना काका म्हणत. ते उठून माझ्याजवळ आले आणि आपल्या मालवणी बोलीत म्हणाले, ''मास्तरांनू, ह्यो हसण्यासारखो विषय न्हय. पोराक आधी भायर काढा.''

मी म्हणालो, ''काका, पाचच मिनिटे राहिली आहेत.''

''पाच मिन्टांत आणखी एक मार बसलो तर काय करशात?''

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी मुलाला बाहेर घेतले.

संध्याकाळी त्याला बांद्याच्या डॉक्टरांना दाखवले. ''रात्रभर याला एकट्याला सोडू नका. उलट्या झाल्या तर थांबू नका,'' असे त्यांनी बजावले. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. त्याचे अब्बा मला बोलावायला आले. आम्ही गाडी केली आणि हद्द ओलांडून बांबोळीला गेलो. तेथे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी रुग्णांना त्याचा आधार आहे. वाटेत कोणी कोणाशी बोलत नव्हते. मुलाचे डोके त्याच्या अब्बांच्या मांडीवर होते. ते तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती : मी याला पुन्हा गोलात उभे केले होते.

तपासणी झाली. डोक्याचा सीटी स्कॅन काढला. मेंदूत रक्तस्राव झालेला नव्हता आणि हाडही मोडलेले नव्हते. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि डॉक्टरांना म्हणालो, ''म्हणजे काही झालेले नाही ना?''

डॉक्टर म्हणाले, ''गुरुजी, स्कॅनमध्ये काही दिसले नाही, एवढेच मी म्हणालो. काही झाले नाही, असे म्हणालो नाही.'' मग त्यांनी मला समजावून सांगितले.

मुलांनो, उर्दूत ज्याला आपण दिमाग म्हणतो त्याला मराठीत मेंदू म्हणतात. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. मेंदू सुक्या खोबऱ्यासारखा टणक नसतो. तो शहाळ्यातल्या मलईसारखा मऊ असतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा एक द्रव असतो आणि बाहेरून कवटीचे कवच असते. एस.टी.च्या चालकाने एकदम ब्रेक दाबला, की गाडी थांबते; पण आतले प्रवासी पुढे आदळतात. तसेच येथे होते. डोक्याला जोराचा धक्का बसला, की कवटी थांबते. पण आतला मेंदू हलतो, पिळवटतो. त्यातील नाजूक तंतू ताणले जातात आणि मेंदूचे काम काही काळ बिघडते. याला इंग्रजीत 'कन्कशन' म्हणतात. मराठीत आपण मेंदूला बसलेला हादरा म्हणू. त्यासाठी डोक्यावरच मार बसायला हवा असे नाही. खांद्याला किंवा छातीला मोठा धक्का बसून डोके झटकले गेले, तरी मेंदूला हादरा बसू शकतो.

सीटी स्कॅनमध्ये मोडलेले हाड दिसते, साचलेले रक्त दिसते. पण ताणलेले तंतू दिसत नाहीत. म्हणून ही दुखापत खेळाडूच्या वागण्यावरून ओळखावी लागते. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे, अंधुक दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, आत्ताच घडलेले न आठवणे ही तिची लक्षणे आहेत. बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही. त्यामुळे 'बेशुद्ध पडला नाही, म्हणजे काही झाले नाही,' हा समज चुकीचा आहे.

''तुम्ही त्याला विचारले, बरा आहेस का? तो हो म्हणाला,'' डॉक्टर पुढे म्हणाले, ''पण उत्तर कोणी दिले? ज्या मेंदूला मार बसला, त्यानेच ना?''

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पहिला हादरा पुरता बरा होण्याआधी डोक्याला दुसरा मार बसला, तर दुखणे फार लांबते. क्वचित मेंदूला एकाएकी सूज येऊन प्राणावरही बेतते आणि हा धोका कोवळ्या वयाच्या मुलांना अधिक असतो. काकांच्या प्रश्नाचे उत्तर मला आता मिळाले होते.

मुलगा घरी आला. एक-दोन दिवस त्याने विश्रांती घेतली. मग तो शाळेत येऊ लागला. पण पुस्तक उघडले की त्याचे डोके दुखे. फळ्यावरची अक्षरे हलल्यासारखी वाटत. त्याची अम्मी म्हणाली, ''सर, हा कधी रागावत नसे. आता धाकट्या भावावर उगीच ओरडतो.'' मी त्याला घरचा अभ्यास देणे थांबवले.

दुखापतीला आठवडा झाला आणि आमचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. मुलगा माझ्याकडे आला. ''सर, आता माझे डोके मुळीच दुखत नाही. मला खेळू द्या,'' असे तो काकुळतीने म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ बाजूलाच उभा होता. तो चटकन बोलून गेला, ''सर, भाईजान सकाळीच डोके धरून बसले होते.'' मी नकार दिला. मुलगा रडत निघून गेला. आम्ही तो सामना हरलो. 'एवढ्याशा लागण्याचे मास्तरांनी मोठे अवडंबर केले,' असे काही मोठी माणसेही म्हणाली. मला वाईट वाटले. पण बांबोळीच्या वाटेवरची ती रात्र आठवली, की माझा निर्णय योग्यच होता असे वाटे.

तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागलो. त्यांतील काही हकिकती तुम्हांला सांगतो.

नरी कॉन्ट्रॅक्टर हे मुंबईत राहणारे क्रिकेटपटू. १९६२ साली ते भारतीय संघाचे कर्णधार होते. त्यांचे वय २८ वर्षांचे होते. वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस येथे फलंदाजी करताना चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. त्या काळी फलंदाज हेल्मेट वापरत नसत. त्यांची कवटी फुटली. कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना रक्त हवे होते, तेव्हा वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढे आले. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. मैदानावरचे प्रतिस्पर्धी रुग्णालयात भाऊ झाले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. त्यांच्या जागी २१ वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले. कॉन्ट्रॅक्टर पुढे देशातील सामने जिद्दीने खेळले. परंतु कसोटी सामना त्यांना पुन्हा खेळता आला नाही. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, म्हणजे ६० वर्षांनी काढण्यात आली.

कॉन्ट्रॅक्टर यांना लागलेला मार सर्वांनी पाहिला. पण कुणाच्या नजरेत न भरणारे हजारो लहान धक्केही घातक असू शकतात. जेफ अ‍ॅसल हा इंग्लंडचा फुटबॉलपटू डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत होता. १९६८ साली एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याच्याच गोलाने वेस्ट ब्रॉमविच अ‍ॅल्बियन हा संघ जिंकला. त्या काळी चेंडू चामड्याचा असे. पावसात भिजला की तो जड होई. तो चेंडू अ‍ॅसलने सामन्यांत आणि सरावात असंख्य वेळा डोक्यावर झेलला. पन्नाशी उलटल्यावर त्याची स्मरणशक्ती हरपू लागली. आपण एके काळी फुटबॉलपटू होतो, हेही त्याला आठवेनासे झाले. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी तो मरण पावला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने 'हा व्यवसायामुळे झालेला आजार आहे,' असा निर्णय दिला. खाणकामगाराला जसा धुळीचा रोग होतो, तसा फुटबॉलपटूला चेंडूचा रोग झाला!

त्याच वर्षी अमेरिकेत माईक वेब्स्टर हा खेळाडू मरण पावला. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा आहे. त्यात चेंडू लांबट असतो आणि खेळाडू एकमेकांवर धडका देतात. वेब्स्टरने हा खेळ १७ हंगाम गाजवला. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला काही आठवेना, झोप लागेना. एवढा नामवंत खेळाडू कधी कधी आपल्या गाडीत झोपून रात्र काढू लागला. तो गेला तेव्हा केवळ ५० वर्षांचा होता. नायजेरियात जन्मलेले बेनेट ओमालू हे तरुण डॉक्टर तेव्हा पिट्सबर्ग शहरात काम करत होते. त्यांनी वेब्स्टरचा मेंदू तपासला. तो वरून चांगला दिसत होता. पण ओमालू तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत 'टाऊ' नावाच्या प्रथिनाच्या गाठी जागोजागी साचलेल्या होत्या. हाच तो दीर्घकाळाचा रोग. 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' असे त्याचे लांबलचक नाव आहे. डॉक्टर थोडक्यात त्याला 'सीटीई' म्हणतात. २००५ साली ओमालूंनी हे शोधकार्य प्रसिद्ध केले. त्या खेळाच्या संघटनेशी संबंधित डॉक्टरांनी त्यांना खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. ओमालू डगमगले नाहीत. पुढे ४,५०० हून अधिक माजी खेळाडू न्यायालयात गेले. अखेर २०१३ साली संघटनेने ७६.५ कोटी डॉलर भरपाई देण्याचे कबूल केले.

मुष्टियोद्ध्यांना होणारा असा आजार डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. त्याचे वर्णन १९२८ सालीच झाले होते. नवीन गोष्ट ही, की तो इतर खेळांतील खेळाडूंनाही होतो. सीटीई पक्का ओळखता येतो तो मृत्यूनंतर मेंदू तपासूनच. जेफ अ‍ॅसलचा मेंदू २०१४ साली डॉ. विली स्टुअर्ट यांनी पुन्हा तपासला. त्याला हाच रोग होता, असे आढळले.

तुम्ही म्हणाल, दोन-चार खेळाडूंवरून सगळ्यांविषयी कसे बोलावे? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी डॉ. स्टुअर्ट आणि ग्लासगो विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची माहिती गोळा केली. तिची तुलना २३,०२८ सामान्य लोकांच्या माहितीशी केली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेंदू झिजत जाणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये सुमारे साडेतीन पट होते. २०२१ साली असेही आढळले, की हा धोका बचावपटूंना सर्वांत जास्त, तर गोलरक्षकांना जवळजवळ सामान्य लोकांइतकाच असतो. बचावपटू डोक्याने खूप चेंडू मारतात, गोलरक्षक क्वचितच मारतात. यावरून तुम्हीच काय ते समजा.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण त्या खेळाडूंमध्ये सामान्य लोकांपेक्षा कमी होते. खेळाने शरीर निरोगी राहते, हे खरेच आहे. शिवाय, एकदा डोक्याला लागले म्हणजे म्हातारपणी स्मृती जाणारच, असेही नाही. नीट विश्रांती घेतली तर बहुतेक मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. तेव्हा खेळ सोडायचा नाही. खेळताना डोके सांभाळायचे.

आता जगही जागे झाले आहे. अमेरिकेतील फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली. २०२० साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हा प्रकार काढून टाकला. क्रिकेटमध्ये २०१९ पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. २०२० साली कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. त्याच्या जागी युझवेंद्र चहल आला आणि त्याने तीन बळी घेतले. फुटबॉलच्या नियमांतही २०२४ साली अशा जादा बदली खेळाडूची तरतूद करण्यात आली.

अशा नियमांची गरज का पडली? १३ जुलै २०१४ रोजी ब्राझीलमध्ये जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रेमरच्या चेहऱ्यावर एका खेळाडूचा खांदा आदळला. तरीही तो खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंचांना विचारले, हा अंतिम सामना आहे का? पंचांना आधी ती थट्टा वाटली. ३१ व्या मिनिटाला त्याला बाहेर नेण्यात आले. जर्मनी विश्वविजेता झाला. पण क्रेमरला त्या सामन्यातले फारसे काही आठवत नव्हते.

ही हकिकत वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. 'सर, सामना कधी सुरू होणार?' हा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला. ब्राझीलमधले भव्य मैदान असो, की इन्सुलीचा मळा असो, मेंदू सर्वांचा सारखाच नाजूक असतो.

आमचा गोलरक्षक महिनाभराने पूर्ण बरा झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली. आधी चालणे, मग धावणे, मग एकट्याने चेंडूचा सराव आणि शेवटी सामना, असा तो पायरीपायरीने मैदानावर परतला. त्या दिवशी बांधावर बसलेल्या काकांना त्याने सलाम केला. काका हसून म्हणाले, ''आता खेळ. पण लागला तर लपवू नको.''

त्यानंतर आम्ही वर्गाच्या दारामागे एक कागद चिकटवला. त्यावर मुलांनी सुवाच्य अक्षरांत हे नियम लिहिले :

१. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला ताबडतोब बाहेर घ्यावे. शंका असली तरी त्या दिवशी त्याने पुन्हा खेळू नये.

२. 'बरा आहेस का?' एवढेच विचारू नये. 'हे कोणते मैदान आहे? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी झाला?' असे विचारावे. उत्तरे बरोबर आली तरी त्याच्यावर लक्ष ठेवावे.

३. मानही दुखत असेल किंवा खेळाडू बेशुद्ध असेल तर त्याला ओढून उठवू नये. जाणत्या माणसाला बोलवावे.

४. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, जागे करूनही जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

५. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा खेळू नये.

६. आपले दुखणे लपवू नये. मित्राचे दुखणे सांगणे ही चहाडी नव्हे.

शेवटचा नियम कोणी सुचवला असेल? त्या गोलरक्षकाच्या धाकट्या भावाने!

आपल्या अम्मी-अब्बांच्या तोंडी एक म्हण नेहमी असते. ती उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. सामने पुन्हा होतील, ढालीही पुन्हा मिळतील. डोके मात्र एकच आहे. म्हणून लक्षात ठेवा, शिर सलामत तर पगडी पचास!

शब्दार्थ

हद्द – सीमा (सरहद)
मळा – भातशेतीची सपाट जमीन
कानशील – कान आणि कपाळ यांच्यामधला भाग (कनपटी)
खोक – डोक्याला पडलेली फाटल्यासारखी जखम
कवटी – डोक्याच्या हाडांचे कवच (खोपडी)
शहाळे – कोवळा नारळ
शुद्ध हरपणे – बेशुद्ध होणे (बेहोश होना)
काकुळतीने – अगदी विनवणी करून
अवडंबर करणे – लहान गोष्टीला फार मोठे रूप देणे
प्रतिस्पर्धी – विरुद्ध बाजूचा खेळाडू
रास्त – योग्य
चहाडी – दुसऱ्याची चुगली

मालवणी बोलीतील शब्द : पोराक – मुलाला, भायर – बाहेर, न्हय – नाही, करशात – कराल

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इन्सुली गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) गोलरक्षकाला कोठे मार लागला?
(इ) नरी कॉन्ट्रॅक्टर यांना कोणी कोणी रक्त दिले?
(ई) बेनेट ओमालू यांनी मेंदूचे काप कशाखाली पाहिले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एस.टी.च्या उदाहरणावरून डॉक्टरांनी काय समजावून सांगितले?
(आ) ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासातून कोणत्या दोन बाजू समजल्या?
(इ) अंतिम सामन्यात मुलाला न खेळवण्याचा शिक्षकांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? का?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) ''पोराक आधी भायर काढा.''
(आ) ''काही झाले नाही, असे म्हणालो नाही.''
(इ) ''भाईजान सकाळीच डोके धरून बसले होते.''

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(बचावपटू, मलई, टाऊ, १९६८)
(अ) मेंदू शहाळ्यातल्या .......... सारखा मऊ असतो.
(आ) जेफ अ‍ॅसलने .......... साली अंतिम सामन्यात गोल केला.
(इ) वेब्स्टरच्या मेंदूत .......... प्रथिनाच्या गाठी होत्या.
(ई) .......... डोक्याने खूप चेंडू मारतात.

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
पाठ थोपटणे, सुटकेचा निःश्वास टाकणे, अंगावर काटा येणे, प्राणावर बेतणे, डगमगणे.

प्र. ६. वचन बदला.
मळा, सामना, म्हण, पट्टी, नियम.

प्र. ७. 'शिर सलामत तर पगडी पचास' या म्हणीचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा. उर्दूत आणि मराठीत सारख्या असलेल्या आणखी दोन म्हणी शोधा.

उपक्रम : पाठातील सहा नियम मोठ्या कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहा. तो कागद शाळेत खेळाचे साहित्य ठेवतात तेथे लावा.